तुम्ही विचारलेत म्हणून : तेच आकाश पुन्हा का पाहायचे?

दर वर्षी तेच तारे त्याच महिन्यात त्याच जागी येतात, ग्रह कधी कुठे असतील याची कोष्टके कितीतरी वर्षे आधीच तयार असतात, आणि फोन वर धरला की प्रत्येक ठिपक्याचे नाव समोर येते. मग तुम्ही दर महिन्याला अंधारात उभे राहून नेमके काय पाहता? हा प्रश्न मला कोणी आस्थेने विचारतो, कोणी वेळ वाया जातो आहे अशा काळजीने. आजवर मी ज्याला जसे सुचेल तसे उत्तर देत आलो आणि त्यांतले एकही पुरते खरे नव्हते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. त्या-त्या महिन्यात संध्याकाळी काय दिसेल हे आधी सांगणारे सायंआकाशाचे मासिक पान मी तयार करतो आणि ते तुमच्यापैकी अनेकांच्या हाती पडते, त्यामुळे त्याविषयी वेगळे सांगत नाही.

पहिल्यांदा हे सांगू द्या की तुमचा प्रश्न अर्धाच बरोबर आहे. तारे तेच असतात, हे मान्य. तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, महिन्याला दोन तास, आणि वर्ष भरले की हिशेब पुरा होऊन तो जुन्या वेळेला जुन्या जागी येतो. पण सायंकाळचे आकाश म्हणजे केवळ तारे नव्हेत. शुक्राचे चक्र आठ वर्षांचे आहे. एप्रिल २०१२ च्या आरंभी संध्याकाळी तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला, एप्रिल २०२० मध्ये त्याच तारखांच्या आसपास पुन्हा शिरला, आणि २०२८ मध्ये पुन्हा शिरेल. मधल्या वर्षांत तो कृत्तिकांजवळून गेला तरी असा आत जात नाही. गुरू साधारण वर्षाला एक रास ओलांडतो, म्हणून गेल्या वर्षी तो जिथे दिसला तिथे यंदा शोधणाऱ्याला तो सापडत नाही. शनीची कडी २०१७ मध्ये दुर्बिणीतून भरपूर उघडी दिसत होती. नंतर ती वर्षागणिक मिटत गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिची केवळ धार आपल्याकडे वळली. माझ्या वहीत त्या आठ वर्षांची रेखाटने आहेत. एकामागून एक पाने उलटली तर एखादी पापणी फार हळू मिटावी तशी ती दिसतात.

चंद्राबद्दल तर मला थोडे चिडूनच बोलावेसे वाटते, कारण ‘चंद्र काय, तोच तो’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो हे खरे असले, तरी तो किंचित डोलतो, आणि त्या डोलण्यामुळे कालांतराने त्याच्या पृष्ठभागाचा ५९ टक्के भाग आपल्याला दिसून जातो. शुक्ल पक्षातील चौथ-पंचमीच्या सुमारास त्याच्या उजळ कडेजवळ मेअर क्रिसियम हा लांबट काळा डाग पाहा. कधी तो कडेला अगदी चिकटलेला असतो, तर काही महिन्यांनी त्याच तिथीला तो स्पष्ट आत सरकलेला दिसतो. साध्या द्विनेत्रीतून हे कळते, फक्त मागच्या महिन्याचे चित्र शेजारी असावे लागते. २०१५ ते २०१८ या काळात चंद्राने प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या कोणत्या ना कोणत्या भागातून पाहणाऱ्यांसाठी रोहिणीला झाकले. मग त्याची वाट हळूहळू बाजूला सरकली आणि ती मालिका संपली. ज्याने एकाच वर्षी आकाश पाहिले, त्याला यातले काहीही कळणार नाही.

इथे तुम्ही मला अडवणार, आणि अडवायलाच हवे. हे सारे बदल खरे असले तरी तेही कोष्टकात आहेत. शनीची कडी कधी मिटणार, शुक्र कृत्तिकांत कधी जाणार, चंद्र रोहिणीला कधी झाकणार, हे मी स्वतःच तुम्हाला महिनाभर आधी लिहून कळवतो. म्हणजे तुमचा प्रश्न तसाच उभा राहतो : जे आधीच ठाऊक आहे ते पाहायला जायचे कशाला?

माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले होते, ‘आकाश कधीही चुकत नाही.’ त्या काळी माझे उत्तर हेच होते. गणिताने सांगितलेल्या मिनिटाला चंद्राची काळी कड एखाद्या ताऱ्याला गिळते तेव्हा जो आनंद होतो, तो मला पुरेसा वाटत असे. माणसांच्या जगात शब्द पाळला जातोच असे नाही, वर मात्र तो पाळला जातो, असे मी तेव्हा अनेकांना ऐकवलेही आहे. ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाशी आता माझे भांडण आहे. त्याचे गणित बरोबर होते, पण त्या गणिताच्या भरवशावर त्याने पाहणे सोडून दिले होते आणि ते त्याला कळले नव्हते. मला ते जानेवारी २०२० मध्ये कळले. तो प्रसंग मी फारसा कोणाला सांगितलेला नाही.

त्या महिन्याच्या अमावास्येच्या आसपास आम्ही काही जण आकाश पाहायला जमलो होतो. माझे पान सर्वांच्या हातात होते. त्यात मृग नक्षत्राविषयी जो परिच्छेद होता, तो मी आदल्या वर्षीच्या पानावरून जसाच्या तसा उचलला होता, कारण मृगात बदलण्यासारखे काही असते असे माझ्या मनातही आले नव्हते. मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, तो मारणारा खाली व्याध. आणि उत्तरेकडील दोन पायांपैकी पूर्वेचा, तो तांबूस काक्षी, आपल्या जोडीदारापेक्षा ‘सहज लक्षात येईल इतका ठळक’, असे माझे शब्द होते. वडिलांबरोबर आलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तो कागद छोट्या लाल दिव्याखाली धरून एकेक वाक्य आकाशाशी ताडून पाहत होती. इतर कोणीही तसे करत नव्हते. मीही करत नव्हतो.

ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, इथे लिहिलंय की हा तांबडा तारा त्या दुसऱ्यापेक्षा खूप ठळक आहे. मला तर दोन्ही सारखेच दिसतायत.”

मी वर पाहिले नाही. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली असे म्हटले तरी चालेल. मी दुर्बीण शुक्रावर लावत होतो, शुक्र पश्चिमेला उतरत चालला होता आणि रांगेत माणसे उभी होती. ही कारणे खरी आहेत, पण मान वर करायला जितका वेळ लागतो तितका माझ्याकडे नक्कीच होता. मी तिला म्हणालो, “अगं, डोळे अजून अंधाराला सरावले नसतील. नीट बघ, दिसेल फरक.” ती गेली. दहाएक मिनिटांनी परत आली आणि हळू आवाजात, जणू चूक तिचीच असावी अशा सुरात म्हणाली, “नीट बघितलं काका. सारखेच आहेत.” तेव्हा मी तिला धूसर हवेचे कारण दिले. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, त्यामुळे तारे मंद दिसतात, असे मी तिला समजावले. काक्षी त्या वेळी क्षितिजापासून चांगलाच वर होता. जे कारण मी दिले ते त्या ताऱ्याला लागूच पडत नव्हते, आणि हे मला कोणत्याही दिवशी झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. तिने मान डोलावली, कागदाची घडी केली आणि ती वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिने कोणालाच काही विचारले नाही.

दोन दिवसांनी मी ती बातमी वाचली. काक्षी मंदावतो आहे हे अभ्यासकांनी डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर केले होते. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप, त्यात आकडा जितका मोठा तितका तारा मंद. एरवी ज्याची प्रत अर्ध्याच्या आसपास असते, तो तारा त्या जानेवारीत दीडच्या जवळ आला होता आणि फेब्रुवारीत १.६ पर्यंत उतरला, म्हणजे नेहमीच्या तेजाच्या तृतीयांशाहून थोडेच अधिक तेज त्यात उरले. शेजारच्या पायाची प्रत १.६ आहे. ती मुलगी म्हणत होती ते शब्दशः बरोबर होते. पुढे मोठ्या दुर्बिणींतील निरीक्षणांवरून असे सांगण्यात आले की ताऱ्याने आपल्या पृष्ठभागावरून पदार्थाचा मोठा लोट बाहेर टाकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने ताऱ्याचा काही भाग आपल्यापासून झाकला. ही घटना कोणत्याही कोष्टकात नव्हती. ती पाहायला दुर्बीणसुद्धा लागत नव्हती. फक्त दोन ताऱ्यांकडे पाहून कोणता ठळक आहे, एवढे प्रामाणिकपणे ठरवायचे होते.

त्या रात्री मी माझी वही उघडली. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी, तिन्ही महिन्यांच्या नोंदींत माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘मृग नेहमीप्रमाणे.’ त्या तिन्ही संध्याकाळी मी बाहेर उभा होतो, मृग माझ्यासमोर होता, आणि मला जे ठाऊक होते ते मी लिहून ठेवले होते. ढगाळ संध्याकाळी न पाहता नोंद केली असती तर तिला खोटी नोंद म्हटले असते. उघड्या आकाशाखाली केलेल्या या नोंदींना काय म्हणावे, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही.

फेब्रुवारीच्या पानात मी दुरुस्ती दिली आणि आमच्यापैकी एका लहान निरीक्षकाच्या हे आधी लक्षात आले होते, असे लिहिले. ते तिने वाचले की नाही, हे मला कळले नाही. मार्चपासून एकत्र जमणेच बंद झाले. एप्रिलपर्यंत काक्षी जवळजवळ पूर्वीसारखा उजळला, आणि मृगही संध्याकाळी पश्चिमेला कलला होता. तिला बोलावून ‘तुझे बरोबर होते, हे बघ’ असे दाखवण्यासाठी आता आकाशातही पुरावा उरला नव्हता.

तेव्हापासून मी काक्षीची प्रत दर महिन्याला अंदाजतो. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, मिथुनेतला पुनर्वसूचा अधिक तेजस्वी तारा १.१, आणि मृगाचा तो दुसरा पाय १.६, अशी पायरी ठरवून काक्षी त्यात कुठे बसतो ते लिहायचे. ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात तसे नाही. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो, म्हणून नजर ओझरती टाकावी लागते. तुलनेचे तारे साधारण सारख्या उंचीवर यावे लागतात, नाहीतर खालच्या ताऱ्यावर अन्याय होतो. चंद्रप्रकाशात अंदाज बिघडतो. सगळे सांभाळूनही माझ्या अंदाजात दोन-तीन दशांशांची चूक राहते. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे मागच्या महिन्याचा आकडा डोक्यातून काढून टाकणे. मी तो वहीच्या मागच्या बाजूला लिहितो, म्हणजे नवीन आकडा मांडताना तो समोर येत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे आहे की मी दर महिन्याला बाहेर जातो ते आपण खरोखर पाहतो की नाही हे तपासायला. पण हे उत्तरही मला पूर्ण पटत नाही. काक्षीने जे केले ते क्वचित घडणारे होते. बहुतेक महिन्यांत मृग खरोखरच नेहमीप्रमाणे असतो आणि तसे लिहिणे खोटे ठरत नाही. शिवाय मासिक पान मी अजूनही आधीच लिहितो, कारण ते महिन्याच्या आरंभी तुमच्या हाती पडायला हवे. म्हणजे न पाहिलेल्या आकाशाविषयी ठामपणे लिहिण्याचे काम मी थांबवलेले नाही. त्यात आता एक रिकामी चौकट असते, ‘तुम्हाला काय दिसले’ या शब्दांखाली. फार थोडे जण ती भरतात.

मागच्या हिवाळ्यात एका तरुणाने मला सांगितले की कृत्तिकांमध्ये त्याला नेहमीच्या सहाऐवजी चारच तारे दिसतात, काहीतरी बदलले असावे. मी दुर्बीण सोडली आणि वीस मिनिटे त्याच्याबरोबर उभा राहून पाहिले. मला आरंभी पाच दिसले, नंतर सहा. वर अगदी विरळ ढग सरकत होता, त्याच्या कडेला एक-दोन तारे ओढल्यासारखे पुसट होत आणि परत येत. कृत्तिकांत काही बदललेले नव्हते. तेवढ्या वेळात गुरूचा एक उपग्रह त्याच्या सावलीत शिरला आणि ते दाखवण्यासाठी मी ज्यांना थांबवून ठेवले होते त्यांचे पाहायचे राहून गेले. ते नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती. त्या रात्रीच्या नोंदीत मी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत : कृत्तिका सहा, विरळ ढग, गुरूचे ग्रहण पाहिले नाही.