आमची वाटचाल : चप्पल लाईनमधलं दुकान आणि नुसतीच फिरत बसणारी वेबसाइट

आमचं दुकान कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधलं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटर आमचे हे बघतात आणि ऑनलाइनचं सगळं माझ्याकडं आहे. माल सुभाषनगर आणि जवाहरनगरच्या सात-आठ घरांतनं येतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, शिवायला चामड्याचीच वादी, आणि पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायकाच विणतात. हे आधीच सांगते कारण पुढं सर्व्हर, प्लगइन, डेटाबेस असलं बरंच येणार आहे, पण माझ्यासाठी ते सगळं या घरांपर्यंत ऑर्डर पोचते का नाही एवढ्याशीच जोडलेलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि पुढच्या मार्चला लॉकडाऊन लागलं. अंबाबाईचं देऊळ बंद म्हणजे आमच्या लाईनला माणूसच नाही. घरात तयार जोड पडून, कारागिरांचे फोन यायचे की वहिनी पुढचं काम कधी, आणि मला उत्तर देता यायचं नाही. तेव्हा ह्यांच्या मित्राच्या ओळखीतल्या एका पोरानं वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यावर दुकान चालवायची जोड) साइट करून दिली. रेडीमेड थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, वर मोठा सरकता स्लायडर, खाली चाळीस जोड, पुढं वाढत वाढत दीडशेच्या वर गेले. खरं सांगते त्या साइटनं आम्हाला तारलं. ठाणे, नागपूर, बेंगळुरू, दोन-चार जोड तर दुबईला गेले. कापशी आणि कुरुंदवाडी या कोल्हापुरीच्या जाती काय असतात ते लोक फोन करून विचारायला लागले.

मग ती हळूहळू जड होत गेली. एका दिवशी बिघडली असती तर लगेच कळलं असतं, पण रोज थोडी थोडी बिघडली आणि माझ्या लक्षातच आलं नाही, कारण दुकानात वायफाय चांगलं आणि मी लॅपटॉपवर बघणार, तिथं चार-पाच सेकंदांत उघडायची, मला वाटायचं ठीक आहे. बीडच्या एका गिऱ्हाइकानं फोन केला, "ताई, फोटोच येईनात ओ, नुसतं गोल फिरायलंय." मी म्हटलं तुमच्याकडं रेंज नसेल. ते बोलणं मला अजून टोचतं. त्या माणसानं निदान फोन तरी केला, न करता निघून गेलेले किती असतील.

होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्यांना, विचारलं तर ते म्हणाले प्लॅन वाढवा. वाढवला, वर्षाचे पैसे एकदम भरले, फरक दोन दिवस वाटला आणि परत जैसे थे. मग मी व्हिडिओ बघून एक कॅशिंग प्लगइन (प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा) टाकलं, त्यानं जमेना म्हणून त्याच्यावर दुसरं टाकलं. कॅशिंग म्हणजे पान एकदा तयार करून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच तयार पान द्यायचं. चपलांच्या पानाला हे उत्तम, पण कार्ट आणि चेकआउटची पानं प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी असतात, ती यातनं वगळायची असतात, आणि दोन प्लगइनच्या भांडणात तेच राहिलं. जळगावच्या एका ताईंना चेकआउटला दुसऱ्याच कुणाचं नाव-पत्ता दिसला. त्यांनी कळवल्याबरोबर मी दोन्ही प्लगइन बंद केली आणि ज्यांचा पत्ता दिसला होता त्यांना स्वतः फोन करून झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात ही गोष्ट मला फार लागली, नंतर कितीतरी दिवस मी साइटला हातच लावला नाही.

आणि मग जून २०२५ चा शेवटचा आठवडा. मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर बोंब उठली, टीव्हीवर कोल्हापुरी, मोबाइलवर कोल्हापुरी, २०१९ ला मिळालेल्या जीआय टॅगची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, आठवण सगळ्यांना एकदम झाली. लोक शोधून शोधून खऱ्या कोल्हापुरीच्या दुकानांवर यायला लागले. आमच्या साइटवरही आले. आणि त्यांना काय दिसलं, तर पांढऱ्या पानावर एक ओळ, एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन, म्हणजे साइटला तिच्या माहितीच्या साठ्याशी जोडताच येईना. मी रिफ्रेश करतेय, होस्टिंगला चॅट करतेय, मधेच पाच मिनिटं चालू होतेय, परत तीच ओळ. मामा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "आयुष्यभर वाट बघितली की लोक आपणहून इचारत येतील, आन् आले तवा दार बंद." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला बोलावलं. ह्यांच्या बहिणीची मुलगी, इचलकरंजीची, पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. शनिवारी आली ती लॅपटॉप उघडून बसली आणि पहिलं म्हणाली, "मामी, आता कायपण नवीन टाकायचं नाही आणि कायपण काढायचं नाही. आधी मोजू." साइटची पूर्ण कॉपी काढून वेगळ्या जागी ठेवली, म्हणजे जे करायचं ते त्या कॉपीवर. एक वही घेतली. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर तीन वेळा मोजायचं, आकडा वहीत. ती वही अजून गल्ल्याशेजारी आहे.

मोजल्यावर पहिलं कळलं ते हे की हळू म्हणजे एक रोग नव्हता, दोन होते. पान मागितल्यापासून सर्व्हरकडनं पहिला शब्द यायलाच चार सेकंद जात होते, म्हणजे सर्व्हर काहीतरी विचार करत बसलेला. आणि त्यानंतर गिऱ्हाइकाच्या मोबाइलला जवळजवळ १४ एमबी उतरवून घ्यायला लागत होतं. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या साइटवर मोबाइलचा आकडा घेतला तर पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे स्लायडरचा फोटो, दिसायला ११ सेकंद. गूगल म्हणतं हे अडीच सेकंदांच्या आत पाहिजे. प्लॅन वाढवून काही का झालं नाही ते तेव्हा समजलं, जागा वाढवली होती, ओझं तेच होतं.

आधी फोटो. वर्डप्रेस खरं तर मोठा फोटो टाकला की आपणच २५६० पिक्सेलपर्यंत लहान करून ठेवतं, २०१९ पासून ही सोय आहे, मग आमचे सात-सात एमबीचे तसेच कसे राहिले? तर आमच्या चपला पांढऱ्या पाटीवर उठून दिसाव्यात म्हणून मागचं सगळं कापून आम्ही फोटो पीएनजीत, म्हणजे मोकळी पाटी ठेवणाऱ्या पण जड फाइलीत, टाकायचो, आणि ही सोय पीएनजीला लागू होत नाही. म्हणजे कॅमेऱ्यातनं निघालेला सहा हजार पिक्सेलचा फोटो तसाच वर, आणि थीम तोच पूर्ण फोटो बोटभर चौकोनात दाखवत होती. भाचीनं सगळे १२०० पिक्सेल रुंदीचे वेबपी (वेबसाठीची हलकी फोटो-फाइल) केले. पहिल्यांदा क्वालिटी ६० ठेवली, फाइल इतकी लहान झाली की आम्ही दोघी खूश. मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्याजवळ नेला, बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, "वेणीचा पीळ दिसंना. ही वेणी न्हवं, ही नुसती पट्टी." खरंच, पीळ पुसट झाला होता, दोन धाग्यांमधली सावली गेली होती. मग ७०, मग ७५, शेवटी ८० वर ते म्हणाले आता ठीक. फोटोमागं १२०-१३० केबी. दीडशेच्या वर जोड, प्रत्येकाचे चार फोटो, चार रात्री आम्ही तेवढंच केलं. स्लायडर काढून टाकला, त्या जागी एकच फोटो. अजून एक बारीक गोष्ट म्हणजे आधीच्या एका प्लगइननं सगळ्याच फोटोंना 'खाली सरकल्यावर आण' असं लावून ठेवलेलं, अगदी पहिल्या फोटोलाही, जो डोळ्यासमोरच असतो. तो आता आधी मागवला जातो, बाकीचे सवडीनं.

फॉन्टचंही सांगते कारण मराठी साइटवाल्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं धरून इतकी चिन्हं असतात की फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी होते. आमच्या थीममध्ये एकाच फॉन्टची पाच वजनं, म्हणजे जाड-बारीक प्रकार, लोड होत होती आणि वापरात दोनच. तीन काढली, आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधल्याच अक्षरात मजकूर दिसेल असं केलं. आधी फॉन्ट येईपर्यंत किंमतसुद्धा दिसायची नाही.

आता सर्व्हरचं, जिथं खरं दुखणं निघालं. क्वेरी मॉनिटर नावाचं प्लगइन लावलं, ते एकेक पान बनताना डेटाबेसला काय काय विचारलं जातं आणि कशाला किती वेळ लागला ते दाखवतं. सगळ्यात वर, लाल रंगात, एक नाव. खाली फूटरमध्ये 'आजपर्यंत इतक्या लोकांनी भेट दिली' असा काउंटर होता ना, तो. मामांचा लाडका. रोज सकाळी चहा घेताना तो आकडा ते मोठ्यानं वाचायचे. त्या काउंटरच्या टेबलात लाखो नोंदी साठलेल्या, त्याला इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही, आणि प्रत्येक नवीन माणूस आला की हा आज आधी आला होता का हे बघायला तो सगळी यादी पहिल्यापासून चाळायचा आणि वर एक नोंद लिहायचा. म्हणजे दुकानात पाय ठेवलेल्या प्रत्येकासाठी जुन्या सगळ्या वह्या पहिल्या पानापासून उलटायच्या. रोजच्या शे-दीडशे माणसांत ते कसंबसं निभलं, पण जूनमध्ये एका वेळी शेकड्यानं लोक आले तेव्हा सगळे डेटाबेसच्या दारात रांगेत अडकले, कनेक्शनची मर्यादा संपली आणि ती पांढऱ्या पानावरची ओळ आली. जो आकडा माणसं मोजायला लावला होता त्यानंच त्यांना बाहेर ठेवलं होतं.

मामांना हे सांगणं मला अवघड गेलं. ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले काढ. तेवढ्यानंच चार सेकंदांचे पावणेदोन झाले. मी वहीतला आकडा परत परत वाचला.

त्यानंतर ऑप्शन्सचं टेबल. वर्डप्रेस प्रत्येक पानाला काही सेटिंग्ज आपोआप वाचतं, त्याला ऑटोलोड म्हणतात. ते साधारण ८०० केबीच्या वर गेलं तर आताचं वर्डप्रेस स्वतःच साइट हेल्थमध्ये, म्हणजे साइटची तब्येत दाखवणाऱ्या पानावर, सावध करतं, आमचं सहा एमबी होतं. कधीकाळी टाकून काढलेल्या प्लगइनची सामानं तशीच मागं राहिलेली, त्यात एका जुन्या कुरिअरवाल्या प्लगइनची सगळ्या पिनकोडची यादीसुद्धा. प्लगइन डिलीट केलं म्हणजे त्याचा पसारा जातोच असं नाही हे मला माहीत नव्हतं. बॅकअप घेऊन, एकेक ओळ बघून काढलं, पावणेदोनाचा एक झाला. थीम जुनी होती, ती कार्टात काय आहे हे प्रत्येक पानावर परत सर्व्हरला विचारत होती, रिकामं कार्ट असलं तरी. ते बाकी पानांवरनं काढलं, कार्टजवळ ठेवलं.

होस्टिंग मात्र सगळ्यात शेवटी बदललं, आणि हे भाचीमुळं बरं झालं, नाहीतर मी पहिल्यांदा तेच केलं असतं आणि सगळा कचरा नव्या घरात नेला असता. सर्व्हर अमेरिकेत होता हे मला पाच वर्षं ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक नांदेडला आणि प्रत्येक हेलपाटा समुद्रापार, एकेक हेलपाट्याला पाव सेकंद, आणि पान उघडायच्या आधीच तीन-चार हेलपाटे होतात. मुंबईतल्या सर्व्हरवर आणलं, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ७.४ वरनं ८.२ वर नेलं, तेही आधी कॉपीवर चालवून बघून, कारण कूपनचं एक प्लगइन तिथं बंद पडलं आणि त्याला पर्याय शोधायला तीन दिवस गेले. एका मंगळवारी रात्री बारानंतर बदली केली. आणि मग एकच कॅशिंग, कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट वगळून. चालू करायच्या आधी आम्ही चार वेगवेगळ्या मोबाइलवर चार नावांनी खोट्या ऑर्डरी टाकून तपासलं, कुणाला कुणाचं काही दिसतंय का. जळगावच्या ताईंचा प्रसंग परत होऊ द्यायचा नव्हता.

आता पहिला शब्द पाव सेकंदात येतो, पहिला फोटो मोबाइलवर सव्वादोन सेकंदांत, पान ९०० केबीच्या आत. जूनची गर्दी परत आली नाही, ती गेली ती गेलीच, त्याचं वाईट वाटतं. पण गणपती-दिवाळीत आधी जे लोक कार्टापर्यंत येऊन निघून जायचे त्यातले बरेच आता पैसे भरून जातात, आणि सुभाषनगरच्या दोन घरांत त्या सीझनला पहिल्यांदा दुसरा हात कामाला ठेवावा लागला. मामांसाठी भाचीनं एक साधं पान करून दिलंय, त्यावर आज किती जोड कुठल्या गावाला गेले एवढंच दिसतं. चहाच्या वेळी ते आता गावांची नावं वाचतात.

मी दर सोमवारी साइट तपासते, पण लॅपटॉपवर नाही. दुकानातला दोन जीबी रॅमचा जुना मोबाइल आहे, तो घेऊन माल आणायला जाते तेव्हा, जवाहरनगरच्या एका बोळात जिथं रेंज एक-दोन काड्याच असते तिथं उभं राहून उघडते. मागच्या महिन्यात तशीच उभी होते, आमच्याकडं वीस वर्षं वेण्या घालणाऱ्या मावशी दारात बसलेल्या, म्हणाल्या बघू काय बघायलीस. कापशीचं पान उघडलं, मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि म्हणाल्या, "ही माझी न्हवं. ही पलीकडच्या आक्काची हाय, ती पीळ डावीकडनं घेती. माझी दाव."

मी पुढचा फोटो उघडून दिला.