सावली नर्मदेच्या बाजूने

सहस्रधारेपासून महेश्वरपर्यंत नर्मदेच्या उत्तर काठाने परिक्रमेची जी पायवाट जाते, तिच्या सुधारणेचं काम आमच्या इंदूरच्या ऑफिसकडे आलं तेव्हा आराखडा आधीच मंजूर होता. पेव्हर ब्लॉक, नदीच्या बाजूला लोखंडी रेलिंग आणि शेताच्या बाजूला झाडांची रांग. माझ्याकडे फक्त देखरेख होती.

चैत्रात एकदा नमुन्याचा तुकडा तपासायला गेले. महू सोडून, अहिल्यादेवींच्या जाम दरवाज्यापासून घाट उतरून निमाडात शिरलं की ऊन अंगावरच येतं. ठेकेदाराचा माणूस वाट बघत होता. ब्लॉक सरळ रेषेत बसवले होते, सांधेही नीट भरलेले. कामात खोट काढायला जागा नव्हती.

तेवढ्यात खलघाटाकडून परिक्रमावासी आले, महाराष्ट्रातले. नर्मदा १३१२ किलोमीटरची. तिला उजव्या हाताला ठेवून, मध्ये कुठेही न ओलांडता, दोन्ही काठ चालायचे. चातुर्मासात थांबायचं, म्हणजे चालण्याचा काळ कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंतचा. काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, पण बरेच अनवाणी. आमच्या नव्या तुकड्याशी आले आणि सगळे अनवाणी लोक ब्लॉक सोडून शेताच्या बांधावर चढले. बांधावर बाभळीचे काटे पडलेले.

मी एका आजींना विचारलं, "आजी, चांगली वाट सोडून काट्यांतून कशाला?"

"पाय पोळत्यात गं पोरी. काटा काढता येतो, ह्याला काय करायचं?"

मी ब्लॉकवर तळहात टेकवला आणि लगेच उचलला. शेजारची माती कोमट होती. तळव्यांच्या भेगांतून माती भरलेल्या त्या बाईला या वाटेवर चालायचं होतं, आणि वाट मुळात तिच्यासारख्यांसाठीच आहे.

ब्लॉकऐवजी मुरूम टाकू या, असं मी सुचवलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, मुरूम टाकला तर काम केलंय हे दिसणार कसं?" त्याची अडचण मला कळते. पण पायी चालणाऱ्याची वाट गाडीतून पाहणाऱ्याला दिसावी म्हणून बांधायची नसते. चाळलेला मुरूम, पाणी मारून रोलर, दोन्ही कडांना ढाळ म्हणजे मावठा झाला तरी पाणी साचणार नाही, आणि खाली निमाडची काळी माती आहे म्हणून तिच्यावर आधी जाड थर. एवढं केलं की तळव्याला बरी वाट होते. टोकदार खडी मात्र वरच्या थरात अजिबात नको.

झाडांचा प्रश्न एका शेतकऱ्याने काढला. "आमच्या बाजूला झाडं लावाल तर गव्हावर सावली पडेल," असं तो तावातावाने सांगत होता. मी नकाशा जमिनीवर पसरला. वाट पूर्व-पश्चिम जाते, नदी दक्षिणेला. परिक्रमेच्या महिन्यांत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडणार. शेताच्या बाजूची झाडं पिकाचं नुकसान करणार आणि वाट उन्हातच राहणार! तीच झाडं नदीच्या बाजूला, वाटेला लागून लावली तर सावली वाटेवर पडते. इतकी साधी गोष्ट, पण आराखडा करताना त्या वाटेवर दुपारी कुणी उभंच राहिलं नसावं, याचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी तिथूनच साहेबांना फोन केला. ते स्वतः आले, भर दुपारी, आणि मी त्यांना चपला काढायला लावल्या. ब्लॉकच्या जागी मुरूम मंजूर झाला. बाभूळ काढून करंज आणि जांभूळ, तेही नदीच्या अंगाला. रेलिंगवर अजून वाद चालू आहे. माझं म्हणणं, जिथे काठ तुटलेला आहे तिथेच ते लावा, बाकी ठिकाणी पाण्यापर्यंत उतरायला वाव ठेवा, कारण परिक्रमावासींची रोजची अंघोळ आणि पूजा नर्मदेवरच होते. पहिल्या पावसात रोपं लागतील. पावसाळा सरल्यावर त्यांना पाणी त्याच शेतकऱ्याच्या मोटारीचं मिळेल, असं त्याने आपणहून कबूल केलं आहे.