बाजूने दिसलेली बोरिंग

इंदुरात मी ३१ वर्षं बोरिंगचं काम केलं. राऊ असो, बिजलपूर असो की सांवेर रोड, गाडी उभी केली की क्रम ठरलेला असायचा. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. रॉडवर रॉड चढवत जायचं, एक रॉड २० फुटांचा, रॉड मोजले की खोली कळली. मधेच हवेबरोबर लाल चिखल उडायला लागला की ऑपरेटर ओरडायचा, "भिया, लाल आ गई!" म्हणजे आता सांभाळा. ती लाल माती पाण्याने फुगते, भोक ढासळतं आणि रॉडच्या टोकाचा दगड फोडणारा हॅमर अडकतो. माझा एक हॅमर अजून राऊच्या एका प्लॉटखाली १८० फुटांवर आहे. वर आता तीन मजली घर झालंय. त्या घरावरून जाताना मला अजूनही त्या हॅमरची किंमत आठवते.

पण त्या लालच्या खालीच बरेचदा पाणी लागायचं, म्हणून लालचा राग यायचा आणि वाटही बघायची. हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. पाणी लागलं की पार्टी पेढे आणायची, नाही लागलं की तोंड फिरवायची. आमचा भूगर्भशास्त्राशी संबंध तेवढाच.

जानेवारीत भाचीकडे दिंडोरीला गेलो. ताई गेल्यापासून ती दर वर्षी बोलावते, "मामा, द्राक्षं तयार आहेत, या." या वेळी गेलो. बोरिंगची गाडी आता मुलगा बघतो, मी नसलो तर त्याला बरंच वाटतं.

इंदूरहून नाशिक म्हणजे सरळ आग्रा-मुंबई रस्ता, सुमारे ४०० किलोमीटर. मानपूरला माळव्याचं पठार संपतं आणि गाडी खाली उतरते. खलघाटला नर्मदा, पुढे बिजासन घाट, मग शिरपूरजवळ तापी. पूर्ण प्रवासात रस्ता फोडून काढलेला जिथे जिथे दिसला तिथे तोच आपला काळा पत्थर. चांदवडला थांबून होळकरांचा रंगमहाल बघितला. आमच्या राजवाड्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा. लाकडी खांबांवरचं काम बघून बायको म्हणाली, आपल्याकडे एवढं राहिलंय का? मी काही बोललो नाही, कारण राजवाडा किती वेळा जळला हे ती मला पाठ करून सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जावईबापूंनी उठवलं. रामशेजला जायचं होतं. थंडी अशी की शेजारच्या बागेत शेकोट्या पेटवलेल्या होत्या. मला वाटलं माणसं शेकताहेत. ती द्राक्षांसाठी निघाली. पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून लोक बागेत धूर करून ऊब धरून ठेवतात. माझ्या पोराला मी इतकं जपलेलं नाही.

रामशेज उंच नाही. नाशिकच्या उत्तरेला दिंडोरीच्या वाटेवर, आशेवाडी गावाच्या डोक्यावर बसलेला लहानसा डोंगर. वनवासात रामाने इथे शेज केली म्हणून रामशेज, असं सांगतात. वाटेत गुहेत रामाचं मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत. इतर लोक पाऊण तासात चढतात. मला सव्वा तास लागला. नात अकरा वर्षांची, ती वर जाऊन परत खाली येऊन मला बघून जायची, "मामाआजोबा, अजून इथेच?"

जावईबापू चढता चढता इतिहास सांगत होते. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला, त्यांना वाटलं एवढासा किल्ला, दोन दिवसांत घेऊ. लागली जवळजवळ सहा वर्षं. किल्ल्यावर तोफा नव्हत्या तर लाकडाच्या केल्या, वरून कातडं मढवलं म्हणतात. आणि शेवटी गेला तोही लढून नाही, पैसे मोजून. हे ऐकताना मी एका पायरीवर बसलो होतो. इतिहासात रस होताच, पण दमही लागला होता.

वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. खाली सगळं धुकं, त्यातून हळूहळू बागांचे चौकोन वर आले. मधे मधे शेततळ्यांचे निळे तुकडे. आणि समोर देहेरगड, भोरगड, पलीकडे आणखी डोंगर, सगळ्यांची डोकी सपाट, जणू एकाच पातळीवर कुणी दोरी लावून कापलेली. प्रत्येकाच्या अंगावर पायऱ्या. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. आणि समोरच्या एका कड्याच्या पायाशी, लांबवर गेलेली लालसर रेघ.

मी मोठ्याने म्हणालो, "लाल आ गई!"

नात घाबरली. तिला वाटलं मला काहीतरी झालं.

मला खरंच झालं होतं. ३१ वर्षं जे मी सहा इंचाच्या भोकातून, धुळीच्या रंगावरून ओळखत होतो, ते समोर आडवं उघडं पडलं होतं. वरून खाली मोजायची सवय, ते सगळं बाजूने दिसत होतं. जावईबापू बी.एस्सी. आहेत, त्यांनी समजावलं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा आला. एकदाच नाही, थरावर थर. माळव्यापासून सह्याद्रीपर्यंत तोच. दोन लाव्हांच्या मधे जो निवांत काळ गेला त्यात वरचा दगड झिजून माती झाली, पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. ती लाल. आणि तिच्या खालच्या थराचं डोकं वाफेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेलं असतं, म्हणून पाणी तिथे. इंग्रजीत या दगडाला ट्रॅप म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून. इतकं सोपं होतं. राऊच्या त्या प्लॉटवर हे कुणी सांगितलं असतं तर निदान लालच्या खालपर्यंत केसिंग, म्हणजे भोक ढासळू न देणारा पाइप, घातलं असतं.

खाली उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. पंधरा वर्षांचे बूट, कपाटात ठेवून ठेवून डिंक मेला. द्राक्षाच्या काड्या बांधायची सुतळी जावईबापूंच्या खिशात कायम असते, तिने बांधून लंगडत उतरलो. नातीने त्याचा व्हिडिओ काढला. तो इंदूरला माझ्या आधी पोचला.

दुपारी बाग बघितली. खायच्या थॉमसनचा मांडव वेगळा आणि वाईनच्या द्राक्षाच्या ओळी वेगळ्या, कुंपणासारख्या तारेवर उभ्या. वाईनचा मणी लहान, साल जाड, आत बिया. मी दोन खाल्ले आणि पुन्हा थॉमसनकडे वळलो. इथे वेलाला थंडीची झोप मिळत नाही म्हणून वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, पीक मात्र एकच. मला वाटलं होतं या भागात काळी माती म्हणजे सोनं. जावईबापू म्हणाले, भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, मूळ गुदमरतं, वेलाला निचऱ्याची मुरमाड जमीन बरी. म्हणजे आमच्याकडे घर बांधताना ज्या मुरमाला शिव्या देतात, त्यावर इथे बाग उभी.

संध्याकाळी शेनिन ब्लांक नावाची पांढरी वाईन उघडली. मी इंदूरहून लौंग सेव नेली होती, ती तिच्याबरोबर फार छान लागली, हे कुठल्या टेस्टिंगवाल्याने लिहिलं नसेल तर मी लिहून ठेवतो. बाटलीवर ज्वालामुखीच्या मातीची चव असं काहीतरी छापलं होतं. माझा विश्वास नाही. या दगडाची धूळ मी ३१ वर्षं खाल्ली आहे. त्याची चव तशी नसते. वेल पाणी पितो, पत्थर नाही. पण पाणी कुठे थांबतं आणि कुठून निसटतं हे पत्थर ठरवतो, एवढं मान्य.

निघायच्या दिवशी नात मला शेतातल्या विहिरीवर घेऊन गेली. पाणी खाली गेलेलं, कातळाची भिंत उघडी. आम्ही दोघांनी काठावर बसून थर मोजले. तिचे पाच झाले, माझे चार. काल तिने फोटोवर बाण काढून पाठवले, पाचच. मी उलट पाठवलं की सगळ्यात वरचा तो थर नाही, मुरूम आहे. तिचं उत्तर आलं, "मामाआजोबा, तुम्ही रॉड मोजा."