आईअण्णांना आर्मी बेसवर आणताना, माझा अनुभव

आईवडिलांना अमेरिकेत बोलवायचं म्हटलं की लोक व्हिसा आणि इन्शुरन्सपर्यंतच लिहितात. पण नवरा यूएस आर्मीत असेल आणि घर बेसच्या आत असेल तर एअरपोर्टवरून घरी पोचायच्या आधी अजून एक गेट असतं, त्याबद्दल मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आमचा बेस टेक्सासमधला आहे. नाव लिहीत नाही, कारण कोण कुठे कधी असतं हे बाहेर टाकू नका असं फॅमिलीलाही सांगितलेलं असतं आणि मी ते पाळते.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यामुळे जावई फौजेत आहे म्हटल्यावर, भले परक्या देशाची फौज असेना, त्यांना घर बघायच्या आधी छावणी बघायची होती. 2023 च्या सप्टेंबरात दोघं आले.

आता प्रोसेस. बेसवर राहणाऱ्याकडे मिलिटरी आयडी असतो, तो गेटवर स्कॅन होतो, संपलं. अमेरिकन नागरिक असलेला पाहुणा आला तर तो व्हिजिटर सेंटरला लायसन्स दाखवतो, एफबीआयच्या डेटाबेसमध्ये त्याचं नाव टाकून बघतात, काही निघालं नाही की पास मिळतो. परदेशी नागरिकाचं वेगळं. आमच्याकडे नवऱ्याला स्पॉन्सर म्हणून आधीच फॉर्म भरून द्यावा लागला, पासपोर्टची कॉपी, व्हिसाच्या पानाची कॉपी, किती दिवस राहणार, कुठे राहणार, आणि पाहुण्याच्या वागण्याची जबाबदारी माझी अशी सही. दोघं इथे उतरल्यावर आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीचा, प्रिंट जोडायचा. मग वाट बघायची. तोवर आम्ही बेसबाहेर हॉटेलात राहिलो, आणि हे मी आधीच धरून चालले होते म्हणून चिडचिड झाली नाही. तुम्हीही धरूनच चाला, थेट एअरपोर्टवरून घरी असा प्लॅन करू नका. प्रत्येक बेसचे नियम थोडे वेगळे असतात आणि मध्येच बदलतातही, म्हणून स्पॉन्सरने तिकीट काढतानाच आपल्या युनिटच्या सिक्युरिटीवाल्याला विचारून घ्यावं.

मंजुरी आली त्या दिवशी व्हिजिटर सेंटरला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी दोघांचे पासपोर्ट घेतले, फोटो काढले, आणि आईच्या नावाशी अडल्या, कारण पासपोर्टवर मधलं नाव अण्णांचं. त्यांनी विचारलं, हे यांचंच नाव आहे का, मी सांगितलं आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव मधे लावतात, त्यांनी मान डोलावली, जसंच्या तसं टाइप केलं. पास म्हणजे साधा कागद, फोटो, तारखा, आणि सोबत स्पॉन्सर पाहिजे असा शेरा. म्हणजे अण्णांना सकाळी एकट्याने फिरायला जायचं तरी मी नाहीतर नवरा बरोबर पाहिजे.

अण्णांनी तेवढ्यात खिशातून आपलं माजी सैनिकाचं ओळखपत्र काढून खिडकीत सरकवलं. त्या बाईंनी ते उलटसुलट करून नीट वाचलं, परत दिलं, आणि म्हणाल्या सर, मला फक्त पासपोर्ट चालतो. मला वाटलं अण्णांना लागलं असेल. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरोबर केलं तिनं. कार्ड बघून विरघळणारा माणूस गेटावर कामाचा नसतो."

गेटवर त्या दिवशी नेमकं गाड्यांचं चेकिंग होतं. बॉनेट उघडा, डिकी उघडा, सगळे खाली उतरा. आईच्या पर्समधून अडकित्ता निघाला, पितळेचा, तिच्या सासूबाईंचा. तरुण गार्ड तो हातात घेऊन उघडमीट करत होता, पात्याला अंगठा न लावता लांबून बघत होता. आईने पर्समधूनच सुपारी काढून त्याला कातरून दाखवली. त्याने सार्जंटला बोलावलं, सार्जंटने बघितला, पात्याची लांबी बघितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत दिला. आई नंतर मला म्हणाली, पोरगा किती लहान आहे गं, जेवला असंल का.

हे सगळं इतकं कडक का, याचं उत्तर आमच्या भागात सगळ्यांना एकच माहितीय, फोर्ट हूड. तोही टेक्सासमधलाच आर्मी बेस, किलीन गावाला लागून. आमचा बेस तो नाही पण किलीन गाडीने जाऊन येण्यासारखं आहे. 5 नोव्हेंबर 2009 ला तिथे मेजर निदाल हसन, आर्मीचाच डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, तैनातीवर जाणाऱ्या सैनिकांची कागदपत्रं आणि लसीकरण जिथे होतं त्या सेंटरमध्ये शिरला आणि त्याने गोळीबार केला. 13 जण गेले, तिसाहून जास्त जखमी झाले. मेलेल्यांतली एक सैनिक गरोदर होती. तेव्हा बेसवर सैनिकांकडे हत्यार नसायचं, रायफली आर्म्स रूममध्ये कुलपात असायच्या, त्यामुळे त्याला थांबवलं ते बेसच्या सिव्हिलियन पोलिसांनी, सार्जंट किंबर्ली मन्ली आणि सार्जंट मार्क टॉड यांनी. मन्लींना स्वतःला गोळ्या लागल्या होत्या.

योगायोग असा की अण्णा आले त्याच महिन्यात सैन्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाने हसनची फाशीची शिक्षा कायम केल्याची बातमी आली. अण्णांचा पहिला प्रश्न, "2009 चं कांड आणि अजून निकाल लागतोय?" मग रोज रात्री जेवणानंतर आमच्याकडे हाच विषय, नवरा सांगतोय, अण्णा खोदून खोदून विचारतायत, आणि मला या निमित्ताने इथला मिलिटरी न्याय जरा नीट कळला. आधी आर्टिकल 32 ची सुनावणी होते, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते बघतात, अण्णा म्हणाले आपल्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी आणि मग समरी ऑफ एव्हिडन्स असतं त्यातलाच प्रकार. ती 2010 मध्ये झाली. कोर्ट मार्शल उभं राहिलं ऑगस्ट 2013 मध्ये. मधल्या काळातले काही महिने तर दाढीत गेले. हसनने दाढी वाढवली, जज कर्नल ग्रेगरी ग्रॉस म्हणाले नियमात बसत नाही, दंड केला, जबरदस्तीने काढायचा हुकूम दिला, ते प्रकरण वर गेलं आणि डिसेंबर 2012 मध्ये वरच्या कोर्टाने तो हुकूम रद्द करून जजनाच बदललं, कर्नल टारा ऑस्बर्न आल्या.

अण्णांना हे पटलं नाही. मला पटतं. निकाल देणारा माणूस आरोपीवर चिडलाय अशी नुसती शंका जरी राहिली असती तर पुढे अपिलात सगळं पहिल्यापासून करायला लागलं असतं आणि त्या 13 घरांना परत कोर्टात बसायला लागलं असतं. हसनने वकील काढून टाकून स्वतःचा खटला स्वतः चालवला, पहिल्याच दिवशी गोळ्या मीच झाडल्या असं सांगितलं, तरी खटला चालवावाच लागला, कारण फाशीच्या केसमध्ये इथला मिलिटरी कायदा तेव्हा गुन्हा कबूल करून मोकळं होऊ देत नव्हता. ज्यांना गोळ्या लागल्या ते सैनिक साक्षीला उभे राहिले आणि उलटतपासणीचा हक्क कोणाला, तर ज्याने त्या झाडल्या त्याला. 13 अधिकाऱ्यांच्या पॅनेलने, म्हणजे लष्करी ज्युरीने, 28 ऑगस्टला एकमताने फाशी दिली. एकमत नसेल तर फाशी होतच नाही. त्यानंतरही अपिलं आपोआप, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांची सही लागते. अण्णा म्हणाले, आपल्याकडेही कोर्ट मार्शलचा निकाल वरून कन्फर्म झाल्याशिवाय कागदच असतो. अमेरिकन मिलिटरीने शेवटची फाशी 1961 मध्ये दिली आहे. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हसनचा अर्ज नाकारला तेव्हा अण्णांनी साताऱ्याहून फोन करून विचारलं, मग आता सही झाली का.

एक गोष्ट मात्र ऐकून घरातले सगळेच गप्प झाले. अटकेपासून दोषी ठरेपर्यंत हसनचा पगार चालू होता, सगळा मिळून पावणेतीन लाख डॉलरच्या वर, कारण गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबवता येत नाही. आणि जखमी सैनिकांना पर्पल हार्ट, म्हणजे शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना मिळणारं पदक, मिळत नव्हतं, कारण सरकारी कागदावर हा कामाच्या ठिकाणचा हिंसाचार होता, दहशतवादी हल्ला नव्हता. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा बदलल्यावर एप्रिल 2015 मध्ये पदकं दिली. पगाराचं मी समजू शकते, निर्दोष मानायचं तर पूर्ण मानायचं. पण पदकासाठी पाच वर्षांवर वाट बघायला लावली हे मला आजही चीड आणतं, अंगात गोळी घेऊन घरी बसलेल्या माणसाला तू ड्युटीवर जखमी झालास की नाही हे आम्ही ठरवतोय असं सांगायचं म्हणजे काय.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हसन गेटवरून आत आला तो स्वतःच्या खऱ्याखुऱ्या आयडीवर. आमच्या आईच्या अडकित्त्याला जेवढे प्रश्न झाले तेवढे त्याला त्या गेटवर होणारच नव्हते. त्याचं जे काय दिसत होतं ते आधी आत, आर्मीच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगच्या काळात दिसत होतं. मेडिकल विषयावर प्रेझेंटेशन द्यायचं तिथे तो आत्मघाती हल्ल्यांचं समर्थन करत होता, बरोबरचे डॉक्टर अस्वस्थ होते, वरिष्ठांना कळलेलं होतं. तरी वार्षिक रिपोर्ट चांगले लिहिले गेले, मे 2009 मध्ये मेजर झाला आणि दुसरीकडे पोस्टिंग झालं. येमेनमधला अल-कायदाचा प्रचारक अन्वर अल-अवलाकी, त्याला तो ईमेल लिहीत होता ते एफबीआयकडे होते, तिथेही रिसर्चसाठी असेल म्हणून फाईल बंद झाली. जानेवारी 2010 मध्ये पेंटागॉनच्या चौकशीने सरळ लिहिलं की आपली सगळी तयारी बाहेरच्या शत्रूसाठी आहे, आतल्यासाठी नाही. पुढे काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण 2 एप्रिल 2014 ला त्याच फोर्ट हूडवर दुसऱ्या एका सैनिकाने गोळीबार केला, तीन जण मारले आणि स्वतःला संपवलं. तोही आतलाच. आणि 2020 मध्ये व्हेनेसा गियेन, वीस वर्षांची पोरगी, त्याच बेसच्या आर्म्स रूममध्ये एका सहकारी सैनिकाने मारली, घरचे दोन महिन्यांवर तिला शोधत होते. तिने होणाऱ्या छळाबद्दल घरी आणि मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या प्रकरणाच्या चौकशीनंतर तिथल्या 14 वरिष्ठांना हटवलं किंवा निलंबित केलं, आणि तिच्या आईबहिणींनी रेटून धरलं म्हणून कायदा बदलला. डिसेंबर 2023 पासून खून, बलात्कार असल्या गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे युनिटचा कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र वकील ठरवतात. माझ्या मते 2009 नंतर झालेल्या सगळ्या बदलांत हा सगळ्यात मोठा आहे, कुठल्याही गेटपेक्षा, कारण आता खाली बोलणाऱ्याला माहिती असतं की माझी तक्रार ज्याच्या हाताखालच्या माणसाबद्दल आहे त्याच्याच टेबलावर अडकणार नाही.

अण्णा हे ऐकून बराच वेळ त्यांच्या पलटणीतलं सांगत होते. सुट्टी नाकारलेला, घरी जमिनीची भानगड चाललेला, चार दिवस मेसमध्ये न बोलणारा जवान असला की ते कंपनी कमांडरला सांगून त्याची गार्ड ड्युटी काढून घ्यायचे, कोतमधून, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या खोलीतून, त्याला हत्यार द्यायचं नाही, आणि संध्याकाळी स्वतः त्याच्या खाटेवर जाऊन बसायचे. "कागदावर काय लिहायचं ते नंतर, आधी हत्यार बाजूला," असं म्हणाले. माझा नवरा सार्जंट आहे. त्याने ते ऐकून त्याच्या हाताखालच्या एका पोराबद्दल, ज्याची आम्ही दोघं बरेच दिवस घरात काळजी करत होतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या वरच्या फर्स्ट सार्जंटला आणि चॅप्लेनला, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूला, सांगितलं. पोराला कौन्सेलिंगला पाठवलं. त्याला राग आला होता, काही दिवस नवऱ्याशी बोलत नव्हता. आता बोलतो.

किलीनला आम्ही अण्णांना स्मारक दाखवायला नेलं, सिव्हिक सेंटरजवळ आहे, बेसच्या बाहेर, म्हणून पास लागत नाही. तेरा दगडी खांब आहेत आणि प्रत्येकावर त्या त्या माणसाच्या आवडीच्या वस्तू ब्राँझमध्ये केलेल्या. आईने प्रत्येक खांबापाशी थांबून नाव वाचून घेतलं माझ्याकडून.

तर येणाऱ्यांसाठी: पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ च्या दोन-दोन कॉपी ठेवा, पासची तारीख परतीच्या तिकिटाच्या पुढची मागा कारण फ्लाइट पुढे ढकलली तर पुन्हा सगळं करावं लागतं, गेटपाशी फोटो काढू नका, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. लाउडस्पीकरवर लॉकडाउनची घोषणा झाली तर काय करायचं, कुठल्या खोलीत जायचं हे आईवडिलांना मराठीत समजावून सांगा, आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि अडकित्ता, विळी असलं काही असेल तर चेक-इन बॅगेतून काढून पर्समध्ये ठेवू देऊ नका, थेट घरी पोचल्यावरच बाहेर काढा.