रायझन ५६०० ओव्हरक्लॉक: सांगलीच्या उन्हाळ्यात काय टिकलं

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी कंपनीच्या ठरलेल्या वेगापेक्षा वर चालवणं. माझं मशीन: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३६०० सीएल१८ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक (आत मायक्रॉनच्या ई-डाय चिप), सिंगल टॉवर कूलर. हिवाळ्यात पास झालेली सेटिंग्ज एप्रिलमध्ये, खोलीतच ३७-३८ अंश असताना, पुन्हा तपासली.

सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला बांधून ठेवणं बंद. रेंडरला कूलर दमतो आणि हलक्या कामात वरचा बूस्टही मिळत नाही. आता पीबीओ (एएमडीचा आपोआप जास्त बूस्ट देणारा पर्याय) चालू, पण पीपीटी (प्रोसेसरची वीज-मर्यादा) मुद्दाम मूळच्या ७६ वॅटवर. बूस्ट ओव्हरराइड (बूस्टची कमाल मर्यादा) +२०० मेगाहर्ट्झ. खरी कमाई कर्व्ह ऑप्टिमायझरची, म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज वेगवेगळं कमी करणाऱ्या सेटिंगची. एक काउंट म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. चांगले दोन कोअर −१०, बाकीचे −२५. चांगले कोअर मुळातच कमी व्होल्टेज मागतात, त्यामुळे तिथून कापायला फारसं उरत नाही. सगळ्यांना सरसकट −३० देऊन 'सिनेबेंच (सगळ्या कोअरवर रेंडर करणारी चाचणी) पास' म्हणण्यात अर्थ नाही. फुल लोडला क्लॉक खाली असतो. मशीन पडतं ते ब्राउझर उघडताना, एकच कोअर वर उसळला की. म्हणून कोअरसायक्लर (एकेका कोअरवर आळीपाळीने ताण देणारं टूल) रात्रभर. कोणता कोअर नापास झाला ते तोच सांगतो. फक्त त्याचेच ३-४ काउंट परत द्यायचे.

मेमरीने जास्त छळलं. ३६०० ला १६-२०-२०-४० टायमिंग (मेमरीच्या विलंबाचे आकडे, पहिला सीएल), १.४० व्होल्ट, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) १८००. (गिअर डाउन ही मेमरी सेटिंग चालू असेल तर सीएल १७ टाकून उपयोग नाही, बोर्ड १८ च धरतो.) टीआरएफसी (सेलमधला चार्ज ताजा करायला, म्हणजे रिफ्रेशला, दिलेला वेळ) ५४० क्लॉक होता, म्हणजे ३०० नॅनोसेकंद. टेस्टमेम५ (मेमरी तपासणारं टूल) एकटं चालवलं तर साफ. सोबत फरमार्क (ग्राफिक्स कार्ड तापवणारी चाचणी) लावला की वीसेक मिनिटांत एरर. ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट स्टिकवर जाते, तापल्यावर सेलमधला चार्ज लवकर गळतो आणि काटेकोर रिफ्रेश पुरत नाही. व्होल्टेज वाढवलं तर उष्णता आणखी वाढते. टीआरएफसी ५८० केला, स्टिकसमोर १२० मिमीचा पंखा ठेवला, एरर बंद. गेममध्ये फरक जाणवत नाही.

एफसीएलके १९०० ला विंडोज सुरू होतं, पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) व्हीया १९ या हार्डवेअर एररची रांग लागते. सध्या १८०० च.

वळवाच्या दिवसांत बायोस अपडेट करायचंच असेल तर मशीन यूपीएसवर हवं. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडला. अपडेटनंतर जुनी प्रोफाइल बहुतेकदा लोड होत नाही, त्यामुळे आधी सगळ्या टायमिंगचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.