पूर उतरेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागली की आमच्या रुग्णालयातील खाटा फवारणीच्या विषबाधेने भरू लागतात. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर असे दगावले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. पुढे चर्चा ओसरली, फवारणी मात्र थांबली नाही. पांढरकवड्याच्या बाजूला असलेल्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात मी परिचारिका आहे आणि मी ख्रिस्ती आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते मला 2022 च्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रात्री नीट उमगले.

रुग्ण पस्तिशीचा शेतमजूर होता. पाठीवरचा पंप गळत होता आणि औषधाने भिजलेला सदरा त्याने दिवसभर अंगावरच ठेवला होता. आणला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि नाडी मंद होती. कपडे काढून साबणाने अंग धुणे, ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू करणे, छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जाणे, हे आता आमच्या हाताच्या सवयीचे झाले आहे. दुसऱ्या दिवशी तो बायकोशी बोलू लागला आणि नातेवाइकांनी घरी नेण्याची भाषा सुरू केली.

या विषाची खोड अशी की, लाळ आणि घाम थांबल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या आत, ते कधीकधी स्नायूंवर उलटते. म्हणून आम्ही अशा रुग्णाला दर पाळीत दोन गोष्टी करायला सांगतो: उशीवरून मान उचलायची आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजायचे. सकाळी तो वीसपर्यंत गेला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मान उचलता आली नाही, आणि मोजणी सहावर थांबली. सहा म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बिघडले आहे, हे त्यालाही कळले होते.

डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली. या अवस्थेत ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही. स्नायूंत पुन्हा बळ येईपर्यंत कुणीतरी रुग्णासाठी श्वास घेत राहणे, हाच उपचार असतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. यवतमाळला न्यायचे, तर मधल्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होते आणि 108 ची गाडी पलीकडे अडकून पडली होती. तेव्हा अंबू बॅग, म्हणजे नळीतून फुप्फुसात हवा ढकलणारी रबरी पिशवी, हाताने दाबत राहण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, सोडायची, छाती वर येते की नाही ते पाहायचे. डॉक्टर, वॉर्डबॉय आणि मी अशा पाळ्या लावल्या. मध्यरात्रीनंतर बोटे आखडली, म्हणून मी तळहाताने दाबू लागले. गुंगीच्या औषधाचा अंमल ओसरला की त्याच्या पापण्या किंचित उघडत. तेव्हा मी त्याला पुढे काय करणार आहोत ते सांगत असे, कारण त्याला सारे ऐकू येत होते.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे पती गेले. ते ज्या वॉर्डात होते तिथे मला जाता आले नव्हते. त्यानंतर लोक प्रेमाने म्हणत की ही देवाची योजना आहे, आणि त्या वाक्याने मला दर वेळी उठून निघून जावेसे वाटे. रविवारची उपासना मी चुकवली नाही, पण प्रार्थनेत शब्द येत नसत. देवाविषयीचे अनुभव सांगण्याच्या साक्षीच्या सभांत विश्वास म्हणजे जणू हमखास गुण देणारे औषध असल्यासारखे काहीजण बोलतात, ते तर मला आजही पटत नाही. मला तगवले ते बायबलमधील स्तोत्रसंहितेतल्या विलापांनी, विशेषतः 130 व्या स्तोत्राने. त्यात खोल गर्तेतून हाक मारणारा मनुष्य पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहूनही आतुरतेने प्रभूची वाट पाहतो. त्या रात्री हेच स्तोत्र मी मनात म्हणत होते, एका ओळीला एक दाब. तो वाचेल असे आश्वासन मला त्यातून मिळाले नाही आणि मी ते मागितलेही नाही. पहारेकऱ्याला सूर्य उगवायचा नसतो, त्याला जागेवर राहायचे असते, एवढे मात्र मला स्पष्ट दिसले. पतीच्या उशाशी मला बसता आले नव्हते, इथे बसता येत होते, आणि बसण्याचे बळ कुणीतरी पुरवत होते.

दाराबाहेर त्याची बायको ‘गण गण गणात बोते’ पुटपुटत बसली होती. मधेच दार किलकिले करून तिने विचारले, “बाई, वाचतीन ना जी हे?” मी म्हणाले, “आम्ही हात सोडत नाही, तुम्ही धीर सोडू नका.” गणवेशात असताना मी कुणाला धर्म सांगत नाही, खाटेवरच्या माणसाला नकार देण्याची मोकळीक नसते. तिच्या जपाचेही मला परकेपण वाटले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या रेव्हरंड टिळकांची अभंगवळणाची गीते गातच मी मोठी झाले.

फटफटल्यावर पुलावरचे पाणी उतरले आणि गाडी पोहोचली. यवतमाळपर्यंत मी सोबत गेले. पुढे आठवड्याहून अधिक काळ तो व्हेंटिलेटरवर होता आणि वाचला. त्याच वर्षी आमच्याकडे आलेला दुसरा एक तरुण, तितकीच सेवा व तितक्याच प्रार्थना होऊनही, वाचला नाही. त्याच्या आईला सांगायलाही मीच गेले होते.

दिवाळीनंतर तो शेतमजूर बायकोसह तपासणीला आला. मान ताठ होती आणि एका श्वासात त्याने तीसपर्यंत मोजून दाखवले. पुढच्या हंगामात फवारणीला जाणार का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “न जाऊन कसं भागन, बाई? रोजी त्यातच जास्त भेटते.” मी त्याला हातमोजे दिले, गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही आणि भिजलेला सदरा लगेच उतरवायचा, हे दोनदा बजावले. आता ऑगस्ट लागला की आमच्या महिला मंडळाच्या बुधवारच्या प्रार्थनेत फवारणीला जाणाऱ्यांसाठी मी विनंती मांडते, आणि प्रार्थना आटोपली की तिथेच हातमोजे वाटते.