टोपॉलॉजी आधी की भूमिती?

इंदूर, रविवार रात्र

नोकरी सांभाळून रोज पहाटेचा तासभर गणिताला द्यायचा, हे केव्हाच ठरले होते. टोपॉलॉजी (लांबी-कोन बाजूला ठेवून आकार कसा जोडलेला आहे एवढेच पाहणारी गणिताची शाखा) आधी घ्यावी की भूमिती, हे मात्र आज ठरले, आणि कारणे मनात ताजी आहेत तोवर लिहून ठेवतो.

मालवाहू गाड्यांना मार्ग आखून देणारे सॉफ्टवेअर लिहिणे हे माझे काम असल्यामुळे मनाचा ओढा साहजिकच टोपॉलॉजीकडे होता. १७३६ साली गणितज्ञ ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा प्रश्न (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का) सोडवला, तेव्हा पुलांची लांबी आणि रस्त्यांचे कोन बाजूला ठेवून कोणता काठ कशाला जोडलेला आहे एवढेच त्याने पाहिले. आमचा मार्गशोध त्याच दृष्टीवर उभा आहे. आपल्याकडचा पिपल्याहाना चौकातला उड्डाणपूल घ्या. नकाशावर वरचा आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदतात, छेदबिंदूचे अक्षांश-रेखांश एकच, तरी पुलावरच्या गाडीला तिथून खाली वळता येत नाही. म्हणूनच ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशात दोन रस्त्यांचा एक बिंदू सामाईक नोंदवलेला असेल तरच ते जोडलेले धरतात. ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

तरीही मी भूमिती निवडली, कारण संगणकात कशाला काय जोडले आहे हे पुष्कळदा आकड्यांवरूनच ठरवावे लागते. एखादे घर कोणत्या वॉर्डात पडते हे शोधताना शेवटी प्रश्न उरतो तो बिंदू रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे एवढाच, आणि त्याचे उत्तर एका लहानशा निश्चयकाच्या (डिटर्मिनंट, म्हणजे बिंदूंच्या सहनिर्देशकांच्या गुणाकार-वजाबाकीतून येणारी संख्या) धन-ऋण चिन्हात असते. ६४ बिटांच्या दशांश संख्येत जेमतेम १५-१६ अंक भरवशाचे असतात. बिंदू रेषेला अगदी खेटून असला की वजाबाकीत तेही गळतात, ऋण यायचे तिथे धन येते, आणि हद्दीवरचे घर दोन्ही वॉर्डांत मोजले जाते किंवा एकाही वॉर्डात सापडत नाही. अंतर तसूभर चुकले तर निभावते, चिन्ह चुकले तर निभावत नाही. गरजेपुरतीच अचूकता वाढवत नेण्याची जी रीत संगणकशास्त्रज्ञ जोनाथन शूचक यांनी १९९७ साली मांडली, तिची सिद्धता मला ओळीओळीने समजून घ्यायची आहे.

शिवाय पृथ्वी सपाट नाही. इंदूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा भरतो आणि अक्षांशाचा १११ किलोमीटरचा, त्यामुळे दोन्ही सारखे धरले तर पूर्व-पश्चिम अंतर ८ टक्क्यांनी फुगते. रेखांशातला फरक अक्षांशाच्या कोसाइनने गुणला की काम भागते, हे खरे. पण सगळी अंतरे प्रमाणात राखणारा सपाट नकाशा मुळात का काढता येत नाही, याचे उत्तर गणितज्ञ गाउसच्या १८२७ सालच्या वक्रतेवरील (पृष्ठभाग किती वाकलेला आहे याच्या मापावरील) प्रमेयात आहे, आणि तिथवर स्वतःच्या पायांनी जावे असे मला मनापासून वाटते. त्याच वाटेवर पुढे गाउस-बॉने प्रमेय आहे: गोलाला कसेही दाबले, चेपले तरी त्याच्या पृष्ठभागाची एकूण वक्रता ४π च राहते. टोपॉलॉजीला मी तिथूनच हात घालणार आहे.